मतकर सरांचे एकेचाळीस श्रोते

तास पहिला

शिकवणं सुधारायचं असं प्रा. संताजी मतकर यांनी ठरवलं तेव्हा ते पूर्ण शुद्धीवर होते. त्यांच्या पत्नी उषाताई याला साक्षीदार आहेत. सकाळी पावणेसात वाजता, रामबागेतल्या घरी, पोह्यांवर शेव भुरभुरता भुरभुरता ते म्हणाले, "उषा, मी आता चांगलं शिकवणार आहे."

उषाताईंनी शेवेची बरणी बंद केली. "आणि आत्तापर्यंत काय करत होतात?"

हा प्रश्न अन्यायाचा होता. मतकर सर एकोणीस वर्षं जनकल्याण महाविद्यालयात बी.ए.ला अर्थशास्त्र शिकवत होते, आणि त्यापासून एकाही विद्यार्थ्याला आजवर इजा झालेली नव्हती. ते नोट्स सांगत, मुलं उतरवून घेत. नोट्सचे कागद पिवळे पडले होते हे खरं, पण त्यांतली पंचवार्षिक योजना अजून चालू होती. वर्गाच्या यादीत बासष्ट नावं होती आणि रजिस्टरमध्ये रोज पंचावन्नच्या खाली हजेरी जात नसे. प्रत्यक्षात तीन मुलं येत. शर्वरी यायची, कारण तिला घरी धुणं नको असायचं. सुजय यायचा, कारण पंखा बरोबर त्याच्या बाकाच्या वर होता आणि खाली झोप छान लागायची. विक्रम यायचा, कारण हातोदहून येणारी त्याची बस सातलाच पोचायची आणि दहापर्यंत त्याला इंदुरात बसायला दुसरी जागा नव्हती. उरलेले सगळे सरांच्या दयाबुद्धीने हजर असत.

सगळं सुरळीत होतं. मग भिंतीवर हा कागद लागला:

*सर्व प्राध्यापकांना कळविण्यात येते की विद्यापीठाची अध्यापन सुधार समिती दिनांक २२ फेब्रुवारी १९९३ रोजी प्रत्येक वर्गात प्रत्यक्ष बसेल. ज्या विषयाच्या वर्गात पंचवीसपेक्षा कमी नियमित विद्यार्थी आढळतील तो विषय बंद करून त्याजागी कम्प्युटर सुरू करण्यात येईल. संबंधित प्राध्यापकांची बदली देपालपूर शाखेत होईल. — प्राचार्य*

देपालपूर. दोन तासांची बस, तीही प्रत्येक झाडाला थांबणारी. मतकरांचे खापरपणजोबा होळकरांच्या रिसाल्यात होते. घोड्यावरून पडले तेव्हा सरकारातून वैद्य आला होता असं घरात सांगत. त्या घराण्याच्या माणसानं धान्याच्या पोत्यावर एक पाय आणि कोंबडीच्या टोपलीत एक पाय ठेवून नोकरीला जायचं?

हातात अजून पाच आठवडे होते.

तास दुसरा

कोणतीही सुधारणा मत विचारून सुरू करावी असं सरांनी कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी एक प्रश्नावली सायक्लोस्टाइल केली, 'सरांच्या शिकवण्यात काय बदल हवा?', नाव न लिहिता. तीन कागद परत आले.

एक कोरा. त्यावर लाळेचा डाग.

दुसऱ्यावर: 'तास दहापर्यंत वाढवावा. बस नाही.'

तिसऱ्यावर, सुंदर वळणदार अक्षरात: 'सर सांगतात ते सगळं गाइडमध्ये आहे. पण गाइड बोलत नाही, हे गाइडचं बरं आहे.'

सरांनी तो कागद चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला आणि घरी आणला. उषाताईंनी तो वाचून अक्षराचं कौतुक केलं.

संध्याकाळी शेजारचे बाबूराव आले. बाबूराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले होते, आणि कुठलाही प्रश्न त्यांच्या मते पॅकिंगचा असे.

"सर, माल चांगला आहे तुमचा. पुडा खराब आहे," ते म्हणाले. "वर्गाबाहेर पोहे-जलेबी ठेवा. हे इंदूर आहे. सत्तर पोरं नाही आली तर माझं नाव बदला."

"पोहे खाऊन निघून जातील ते."

"तर मग मोजणी खातानाच करा ना!"

वरच्या मजल्यावरच्या अशोकनं गच्चीतूनच तोंड घातलं. त्यानं नुकताच एका कम्प्युटरवर अठ्ठावीस मुलांचा क्लास काढला होता. "सर, टेन्शन नका घेऊ. जमाना खुला झालाय. आता पब्लिकला प्रॅक्टिकल पाहिजे, प्रॅक्टिकल! तुमच्या सब्जेक्टमध्ये प्रॅक्टिकल काय आहे?"

"बेकारी," सर चिडून म्हणाले.

आणि म्हणून त्यांना सुचलं. (सुधारणा अशाच सुचतात. चिडल्याशिवाय माणूस नवं काही करत नाही, निदान रामबागेत तरी.)

कॉलेजपासून दहा मिनिटांवर, परदेशीपुऱ्यात, लक्ष्मीविलास मिल नऊ महिन्यांपासून बंद होती. मुलांना तिथंच न्यायचं. बेकारी प्रत्यक्ष दाखवायची, जशी वनस्पतीशास्त्रवाले जास्वंद दाखवतात.

तास तिसरा

(हा तास झाला नाही. सर आले होते.)

तास चौथा

सोमवारी सकाळी मतकर सर तीन विद्यार्थी घेऊन मिलच्या फाटकाशी पोचले. फाटकाला कुलूप होतं. समोर लिंबाच्या झाडाखाली पन्नासेक माणसं रांगेत उभी होती आणि एक साठीच्या बाई पाटावर बसून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेत होत्या. मिल बंद झाली तरी हजेरी तुटू द्यायची नाही, असं युनियननं ठरवलं होतं. त्यामुळे नऊ महिने ही माणसं रोज पहिल्या पाळीला येत, सही करत आणि नऊ वाजता चहाची सुट्टीही घेत.

सर भारावले. पण नियम तो नियम: तास कुठेही असो, आधी हजेरी. त्यांनी पिशवीतून कॉलेजचं रजिस्टर काढलं. लाल कापडी पाठ, वर शिक्का. "शर्वरी?" "येस सर." "विक्रम?" "येस सर." सुजय झाडाला टेकला होता, त्याची त्यांनी स्वतःच लावली.

लिंबाखाली कुजबुज झाली. शिक्क्याचं रजिस्टर! सरकारी हाजरी! रांग मोडली आणि सरांपाशी नव्यानं लागली.

"भई, धक्का मत दो, सबकी चढ़ेगी," विणकाम खात्यातले जुने जॉबर, म्हणजे मुकादम, कन्हैयालाल सगळ्यांना सांगत होते. "साहब, मेरा बिल्ला नंबर तीन सौ सात."

आता इथं दुसरा कोणीही माणूस म्हणाला असता, की बाबांनो, हे कॉलेजचं रजिस्टर आहे. पण मतकर सरांनी एकोणीस वर्षांत हजेरी लावून घेणाऱ्या एकाही माणसाला अडवलं नव्हतं. हात तसा वळतच नव्हता. त्यांनी रजिस्टर पुढे धरलं. पानं संपेपर्यंत एकेचाळीस नावं चढली. सगळ्यात शेवटी पाटावरच्या बाई उठून आल्या आणि त्यांनी सही केली: द्वारकाबाई, रीलिंग खातं.

"उद्या किती वाजता, साहेब?"

"साडेसात," सर म्हणाले, कारण त्यांचा तास साडेसातला असे.

तास पाचवा

मंगळवारी सात वाजून वीस मिनिटांनी एकेचाळीस माणसं वर्गात होती. चपला बाहेर ओळीनं. सर सवयीप्रमाणे सात चाळीसला आले, आणि दारातच त्यांच्या लक्षात आलं की आपल्यालाच कुणीतरी लेट मार्क लावतंय. द्वारकाबाई वहीत लिहीत होत्या.

"बाई, हे कॉलेज आहे," सर हलक्या आवाजात म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर तोंड धुऊन आलो."

"इथं पगार वगैरे..."

"तिथंही कुठं आहे? साहेब, नाव चढलं म्हणजे चढलं. घरी थांबलं की सून विचारते, आज सुट्टी का? नऊ महिने झाले, रोज तेच विचारते. तुम्ही सुरू करा."

सर 'नाही' म्हणणार होते. इतक्यात प्राचार्य अरविंद व्यास व्हरांड्यातून गेले, खिडकीत थांबले, भरलेला वर्ग पाहून चष्मा पुसला आणि सरांना आयुष्यात पहिल्यांदा मान हलवून नमस्कार केला. सरांना देपालपूरची बस आठवली. त्यांनी नोट्स काढल्या.

ऑफिसात मात्र मंगलाबाई होत्या. मंगलाबाईंच्या टेबलावरून कागदाशिवाय माशीसुद्धा उडाली नव्हती.

"सर, हे एकेचाळीस बिना ॲडमिशन बसतात. यांचं आधीच्या संस्थेचं टी.सी. कुठं आहे?"

"आधीची संस्था मिल होती."

"मग मिलचं आणा."

"मिलला कुलूप आहे."

"कुलूप मी लावलं नाही ना, सर."

तीन दिवस हा पत्रव्यवहार चालला. मिलच्या व्यवस्थापकाला पाठवलेलं पत्र 'फाटक बंद' शेऱ्यानं परत आलं. मंगलाबाईंनी तो शेराच टी.सी. म्हणून फायलीला लावला. मग त्यांना जुन्या कपाटात एकोणीसशे एकसष्टचं एक परिपत्रक सापडलं. त्यात 'श्रोता' नावाचा प्रकार होता: परीक्षा नाही, फी नाही, फक्त ऐकायचं. बत्तीस वर्षांत या प्रकारात कुणी आलं नव्हतं. मंगलाबाईंनी एकेचाळीस श्रोते दाखल केले आणि बिल्ला नंबर हाच रोल नंबर ठरवला. त्या दिवशी त्यांनी सरांना स्वतःच्या डब्यातला लाडूही दिला.

तास सहावा

सरांची खरी परवड वर्गात सुरू झाली.

श्रोत्यांना लिहायचं नव्हतं. निम्म्यांना येतही नव्हतं. ते ऐकत होते. एकोणीस वर्षांत मतकर सरांना कुणी ऐकलं नव्हतं, आणि ऐकणाऱ्या माणसासमोर नोट्स वाचणं किती अवघड असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. वर्ग हिंदीत चाले. सरांनी सुरुवात केली: बेरोजगारीची सात कारणं. पहिलं, लोकसंख्यावाढ. त्यामुळे दुसरं...

"तुटला," द्वारकाबाई मराठीत म्हणाल्या.

"काय तुटलं?"

"धागा. लोकसंख्या वाढली म्हणालात, मग 'त्यामुळे' म्हणालात, आणि पुढे भलतंच आलं. मधे काहीच नाही. रीलिंगमध्ये, सूत गुंडाळायच्या खात्यात, बत्तीस वर्षं हेच काम केलं मी, तुटला की हात वर करायचा. पुन्हा जोडा."

सरांनी पुन्हा जोडला. तो पुन्हा तुटला. त्या दिवशी पाऊण तासात द्वारकाबाईंनी अकरा वेळा हात वर केला. तास संपल्यावर कन्हैयालाल उठले, आळस दिला आणि न्याय केला: "सर, सूत तो आपका अच्छा है. माल गोदाम में बहुत दिन पड़ा रहा, बस."

सर घरी गेले आणि जेवले नाहीत. विद्वत्तेचा अपमान सहन करता येतो. रोज इतिहासवाले करतच असत. पण हा अपमान नव्हता, ही तपासणी होती, आणि ती बरोबर होती. उषाताईंना त्यांनी सगळं सांगितलं. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "लोकसंख्येनं मिल कशी बंद पडते? माणसं वाढली तर कापड जास्त लागेल ना?"

सरांनी पेन काढून ते वाक्य उतरवून घेतलं. हे उषाताईंना बावीस वर्षांच्या संसारात ठाऊक होतं आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग सर ग्रंथालयात गेले. ग्रंथपालानं त्यांना ओळखपत्र मागितलं. ते वाचू लागले. यंत्रमाग, पॉलिएस्टर, जुनी यंत्रं, विजेचे दर, मालकांनी दुसरीकडे वळवलेला धंदा. सकाळी ते वर्गात एकेक धागा घेऊन यायचे, श्रोते त्याला गाठ मारून द्यायचे. नवं यंत्र कधी आणायचं म्हणत होते आणि का आलं नाही, हे कन्हैयालालना तारखेनिशी माहीत होतं. अकरावरून तुटणं सातवर आलं, सातवरून तीनवर. एक दिवस एकदाही हात वर झाला नाही, तेव्हा सरांनी तास संपल्यावर व्हरांड्यात एकटेच उभे राहून स्वतःशी हस्तांदोलन केलं.

आणि बातमी फुटली. मतकरच्या क्लासमध्ये सरांना टोकतात, आणि सर ऐकून घेतात! असला तमाशा इंदूरमध्ये कुठं फुकट? शर्वरीनं मैत्रिणी आणल्या. सुजय जागा राहू लागला. ही खबर सगळ्यात जास्त पसरली. फेब्रुवारी अर्धा झाला तेव्हा यादीतली बासष्टपैकी त्रेपन्न मुलं येत होती.

फक्त खोलीत बाकं साठ माणसांचीच होती, आणि श्रोते सात वीसलाच बसलेले असत.

तास सातवा: निवेदन

*मा. प्राचार्य, आम्ही बी.ए. अंतिम वर्षाचे नियमित विद्यार्थी. आमच्या वर्गात आम्हालाच बसायला जागा नाही. आम्हाला वर्गात बसू द्या, नाहीतर आंदोलन करू. — आशिष आणि इतर*

आशिष विद्यार्थी नेता होता आणि अंतिम वर्षाला तिसऱ्यांदा बसला होता. या तीन वर्षांत त्यानं परीक्षा पुढे ढकला, हजेरी माफ करा, सुट्टी जाहीर करा अशी अनेक आंदोलनं केली होती. वर्गात बसू द्या या मागणीवर मात्र घोषणा कशी करायची हे त्याला कळेना. "भिया, सवय नाही ना," तो सरांनाही इंदुरी थाटात भैया करत म्हणाला. "'बसेंगे, बसेंगे' जरा बैठत नाही."

प्राचार्य निवेदन वाचून घाबरले. अशा मागणीवर काय कारवाई करायची याचं एकही परिपत्रक मंगलाबाईंकडे नव्हतं. "बावीसपर्यंत धीर धरा," ते म्हणाले. "बावीस को कमिटी है."

तास आठवा: समिती

बावीस तारखेला समिती आली. तीन माणसं. अध्यक्ष डॉ. यामिनी सरवटे स्वतः अर्थशास्त्राच्या, बाकीचे दोघं मोजणीचे. त्यांच्यासाठी ऑफिसातून तीन खुर्च्या आणून नेमक्या दारात ठेवल्या गेल्या, त्यामुळे आत जायची वाटच बंद झाली.

आत एकेचाळीस श्रोते आणि एकोणीस विद्यार्थी. बाहेर, खिडक्यांना लटकलेले, चौतीस.

सरांनी सुरुवात केली. तास रंगू लागला. मोजणीच्या गृहस्थांनी मोजलं. "नियमित एकोणीस," ते म्हणाले. "श्रोते धरता येत नाहीत."

सरांनी खिडकीकडे बोट केलं. "बाहेर चौतीस आहेत!"

"खिडकी वर्गात येत नाही."

"तो पाहा, आशिष कमरेपर्यंत आत आहे."

"अर्धा धरायची सोय नाही, सर."

सहा कमी. फक्त सहा. द्वारकाबाईंनी सगळं ऐकलं. त्या उभ्या राहिल्या. "चला रे. पोरांना जागा द्या. सरांचं खातं बंद पाडतायत हे."

"सहा जणच उठा, बाई!" सर कळवळून म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांना लाज वाटली. "सहा? आणि बाकीचे बसून राहणार? फूट पाडायची नाही, सर. उठायचं तर सगळ्यांनी."

एकेचाळीस माणसं एकदम उठली. समितीच्या खुर्च्या बाजूला सरकल्या. आता एवढी माणसं एका दारातून एकत्र बाहेर पडतात तेव्हा गप्प कशी राहणार? तीस-तीस वर्षांची सवय. दाराबाहेर पाऊल पडताच कन्हैयालालच्या तोंडून आपोआप निघालं, "मजदूर एकता..."

"ज़िंदाबाद!"

खिडकीत अडकलेल्या आशिषनं ते ऐकलं. घोषणा झाली आणि आपण तिच्यात नाही असं त्याच्या आयुष्यात घडलं नव्हतं. तो खिडकीतून मागच्या मागे निसटला आणि ओरडला, "हड़ताल! क्लासेस बंद!" चौतीस पोरं मैदानात. आणि आतले एकोणीस? जनकल्याण महाविद्यालयात घोषणा ऐकल्यावर वर्गात बसून राहिलेला विद्यार्थी स्थापनेपासून आढळलेला नव्हता. तेही गेले. शर्वरी दारात थांबली, "सॉरी सर, सगळेच चाललेत," म्हणाली आणि गेली.

मैदानावर चौऱ्याण्णव माणसं 'मतकर सर जिंदाबाद' ओरडत होती. वर्गात शून्य होते.

मोजणीच्या गृहस्थांनी पुन्हा मोजलं. कर्तव्य म्हणून बाकांखालीही पाहिलं.

"तास संपायला बावीस मिनिटं आहेत," डॉ. सरवटे म्हणाल्या. "थांबलात का?"

मतकर सर थांबले नव्हते, ते फक्त दम घेत होते. मग ते शिकवू लागले. तीन माणसांना, बावीस मिनिटं, हातात एकही कागद न घेता. मिल का बंद पडली ते सांगितलं, कुठपर्यंत कळतं ते सांगितलं, कुठे कळत नाही तेही. घंटा झाली तेव्हा डॉ. सरवट्यांच्या वहीची चार पानं भरली होती.

"इतका चांगला तास मी फार वर्षांत ऐकला नाही," त्या म्हणाल्या, आणि पेनाचं टोपण लावता लावता खरोखर हळहळल्या. "शून्य लिहावं लागणार, मतकर."

अहवाल महिन्याभरात आला. अध्यापन: उत्कृष्ट. उपस्थिती: निरंक. शिफारस: विषय बंद. त्याच आठवड्यात आशिष आणि इतरांची वर्गात बसण्याची मागणी तत्त्वतः मान्य झाली. श्रोत्यांचं काय करायचं हा प्रश्न मंगलाबाईंनी एका सहीत सोडवला: श्रोता विषयाला बांधलेला नसतो. एकेचाळीस जणांना कम्प्युटरच्या खोलीत बसवलं, जिथे अशोकनं अर्ध्या दिवसासाठी दिलेला एक कम्प्युटर प्लॅस्टिकच्या अभ्र्यात होता. तो कुणी उघडत नसे. श्रोते त्याच्याकडे बघत बसत.

निरोपाला द्वारकाबाई बसस्टँडवर आल्या. "आमची मिल बंद पाडायला मालकाला सहा वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "तुमचं खातं आम्ही पाऊण तासात पाडलं. काही बोलू नका, सर. आमचं चुकलं."

"चुकलं नाही, बाई."

"चुकलं. सहाच उठायला पाहिजे होते." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "पण मग पाच-पंचवीस वर्षांनी कुणी म्हटलं असतं, की त्या दिवशी कोण बसून राहिलं होतं? तिथं तुटला असता ना धागा."

बसच्या कंडक्टरनं बेल मारली.

तास पहिला, देपालपूर

देपालपूरची शाखा धान्य मंडीच्या वरच्या मजल्यावर होती. खालून गव्हाचा लिलाव ऐकू येई. मतकर सर दोन तास उभ्यानं प्रवास करून, बुटात सोयाबीनचे तीन दाणे घेऊन वर्गात शिरले आणि दचकले. ऐंशी मुलं. खरोखरची, ऐंशी. गावात दुसरीकडे जायला जागा नसल्यानं शंभर टक्के हजेरी होती. ऐंशी वह्या उघड्या होत्या, ऐंशी पेनं वर. कुणी बोलत नव्हतं.

"सर, लिखाइए," पहिल्या बाकावरची रुची म्हणाली.

सरांनी फळ्यावर लिहिलं: उदारीकरणाचे फायदे. ऐंशी वह्यांत ते उतरलं. ते म्हणाले, "पहिला फायदा असा, की..." ऐंशी पेनं धावली आणि थांबली. सरही थांबले. ते वाक्य कुठे जाणार होतं ते त्यांना दिसत होतं. पुढे काहीच नव्हतं. पूर्वी ते अशा वेळी पान उलटत.

खाली लिलावात कुणीतरी भाव वाढवला.

मतकर सरांनी खडू खाली ठेवला. छाती भरून श्वास घेतला. एकोणीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यासमोर न उच्चारलेलं वाक्य त्यांनी स्वच्छ, ठाम आवाजात म्हटलं, "हे मला नीट माहीत नाही. आपण मिळून शोधू."

वर्गात फक्त पेनांची खरखर झाली. मग मागच्या बाकावरून एक नम्र आवाज आला.

"सर, 'नीट'च्या खाली रेघ मारायची का?"